एकोणचाळीस खोल्यांचं खोबरेल

मंगळवार, १६ फेब्रुवारी १९८८, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लालबागच्या बाजूच्या एका बंद गिरणीत, रिंग खात्याच्या, म्हणजे सूतकताईच्या, पहिल्या फ्रेमपुढे बुधाजी मर्चंडे उकिडवा बसून चात्या पुसत होता. चाती म्हणजे लोखंडाची वीतभर काडी. तिच्यावर बॉबिन बसते, चाती गरगर फिरते आणि धाग्याला पीळ पडतो. एका फ्रेमला चारशे चात्या, खात्यात फ्रेम बेचाळीस. दिव्यांची लाईन कधीच तोडलेली होती. छपराच्या काचांतून उजेड यायला तास होता. बुधाजी हाताच्या सवयीवर काम करत होता. डाव्या हाताने चातीचं टोक धरायचं, उजव्या हातातल्या लुगड्याच्या तुकड्याने वरून खाली एकदा, खालून वर एकदा, की पुढची.

साडेदहाला इंजिनिअर येणार होता.

गिरणीचं रिंग खातं पुन्हा सुरू करता येईल का, हे त्या दिवशी ठरायचं होतं. कर्ज देणाऱ्या बँकेची अट सोपी होती. बेचाळीसपैकी अठ्ठावीस फ्रेम चालण्याजोग्या निघाल्या, तर दुरुस्तीला मंजुरी मिळेल आणि एकशेचाळीस माणसं परत कामावर येतील. नाही निघाल्या, तर खातं कायमचं बंद आणि लोखंड भंगारात. त्या एकशेचाळिसांपैकी एकतीस जण बुधाजीच्याच चाळीत राहत होते. चाळ परळची, तीन मजल्यांची, एकोणचाळीस खोल्यांची. जवळजवळ सगळी कुटुंबं रत्नागिरीकडच्या बौद्धांची.

या लोकांना रिंग खात्याचंच एवढं का, ते सांगायला हवं. बुधाजीचे वडील लांज्याहून गिरणीत आले तेव्हा त्यांना साळखात्यात, म्हणजे मागांवर, घेतलं नव्हतं. धोटा मागावर आडवा धागा नेतो; त्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि यांनी तोंड लावलेल्या धोट्याला इतर कामगार तोंड लावायला तयार नसत. मागावरची मजुरी जास्त होती. ती यांच्या वाट्याला आली नाही. वाट्याला रिंग खातं आलं आणि मग पिढीमागून पिढी तेच आलं. बुधाजी सतराव्या वर्षी लागला. आधी झाडूवाला, मग चात्यांना तेल देणारा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कधी झाला नाही. बावीस वर्षं तेलाची झारी घेऊन तो या बेचाळीस फ्रेमांच्या मधल्या गल्ल्यांतून चालला. कुठली चाती कुरकुरते ते तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगत असे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा इतरांबरोबर तोही बाहेर पडला. दोन वर्षं बाहेर राहिला. संप कुणी मागे घेतला नाही, तो नुसता झिजत गेला. काही गिरण्या अर्धवट सुरू झाल्या, काहींचे दरवाजे उघडलेच नाहीत. ही न उघडलेल्यांपैकी. १९८४ च्या सुरुवातीला मालकांनी देखभालीसाठी सहा माणसं बोलावली. त्यांत बुधाजीचं नाव होतं. त्याने जायचं की नाही, यावर चाळीत बैठक झाली.

गिरणी कमिटीचा कोंडीराम, हा वाइंडिंगचा, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातला कामगार, चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "जा रे तू. लोक बोलतील, मालकाचा तेलवाला. बोलू दे. आपल्याला साचे जिवंत पायजेत. उद्या गेट उघडला आणि आत भंगार निघाला, तर काय घंटा वाजवायला जाऊ काय आपण?"

बुधाजी गेला. आत दोन पावसाळ्यांनी काय केलं होतं ते त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं. साळखात्याच्या छपराचे पत्रे चाळणीसारखे झाले होते आणि खालचे माग विटकरी रंगाचे. हात लावला की पापुद्रे पडत. खिडक्यांच्या चौकटी फुगून काचा तडकल्या होत्या. शिवडीच्या खाडीवरून येणारी खारी हवा कुठल्याही भोकातून आत येत होती. रिंग खात्याचं छप्पर मात्र शाबूत होतं. चात्यांवर नुसता तांबूस धूर बसल्यासारखा गंज होता. बुधाजीने तो चार महिन्यांत खरवडून काढला. रोज एक फ्रेम धरली तर सात आठवड्यांत खातं पुरं होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक चाती पुसायची, बुडाच्या नळीत तेलाचे दोन थेंब सोडायचे, हाताने चाती एकदा फिरवायची.

सप्टेंबर १९८५ मध्ये स्टोअरमधून तेल मिळणं बंद झालं. स्टोअरकीपरचं म्हणणं होतं, "जे चालतच नाही त्याला तेल कशाला?"

बाहेरून मशीनचं तेल आणायची सोय नव्हती. त्या वर्षांत बंद गिरण्यांना आगी लागत होत्या आणि गेटवर नियम कडक होते. रॉकेल, मशीनचं तेल, काडेपेटी आत न्यायची नाही. आतून साधा खिळाही बाहेर न्यायचा नाही. जाताना आणि येताना झडती. दोन महिने चात्या कोरड्या राहिल्या. हे चाळीत कळलं ते सोनूबाईमुळे, बुधाजीच्या बायकोमुळे. नळावर तिने राधाबाईंना सांगितलं. राधाबाई कोंडीरामची बायको. संपाच्या पहिल्या वर्षापासून घर त्यांच्या शिलाई मशीनवर चाललं होतं.

राधाबाई त्याच दिवशी बुधाजीच्या दारात आल्या.

"भावजी, खोबरेल चालंल का?"

"वहिनी, ते खायचं तेल. चातीला पातळ लागतं."

"माझी मशीन बारा वर्षं खोबरेलावर चाललीय. एक दिवस अडली नाय."

"तुमची मशीन वेगळी."

"वेगळी कशी? तीपण लोखंडाचीच ना? तिला काय चांदीचे पाय हायत?"

बाहेरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बायका हसल्या. बुधाजीने दोन दिवस विचार केला. कोरड्या चातीपेक्षा खोबरेलाची बरी, असं त्याने ठरवलं. शिवाय खोबरेल गेटमधून नेता येत होतं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरून तो डब्याच्या पिशवीत ठेवू लागला. गेटवरच्या पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी ती उघडून हुंगली. "काय रे, डोक्यावर केस पाच आणि तेल एवढं?" बुधाजीला टक्कल आहे. "ते पाच तरी राहू देत," तो म्हणाला. त्यानंतर बाटली कुणी उघडली नाही.

महिन्याला लिटरभर लागे. राधाबाईंनी पद्धत घालून दिली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, नळ गेला की, त्या जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, किटली घेऊन खोली क्रमांक एकपासून निघत. प्रत्येक खोलीतून एक पळी खोबरेल. ज्यांचं कुणी गिरणीत नव्हतं त्या आठ खोल्याही देत. गावाहून कुणी बाटली आणली तर आधी पळी निघे, मग बाटलीला टोपण लागे. पळी चुकली असं अडीच वर्षांत एकदाच झालं. त्या खोलीत त्या दिवशी मयत होती, आणि जलदान विधी उरकल्यावर त्या घरच्या सुनेने दोन पळ्या आणून दिल्या. चाळीतल्या मुलींच्या वेण्या कोरड्या दिसत. शाळेत बाई बोलल्या, तर मुली सांगत, तेल गिरणीला गेलं.

१९८६ चा पावसाळा संपल्यावर बुधाजीच्या हाताला एक गोष्ट जाणवली. चात्या जड फिरत होत्या. त्याने ते पावसावर घातलं. नळीत आतून गंज धरला असणार, तेल कमी पडत असणार. त्याने दोनाचे तीन थेंब केले. पुढच्या पावसाळ्यानंतर चार. किटली पुरेना, तेव्हा सोनूबाईने घरच्या भाजीचं तेल थांबवून त्यात घातलं. चात्या बाहेरून आरशासारख्या होत्या. गिरणीत एखादा अधिकारी आला की त्याला मुद्दाम रिंग खातं दाखवत.

साडेदहाला इंजिनिअर आला. हेरंब सोहनी त्याचं नाव. वय तिशीच्या आत, राहणार दादरचा, कपडे इस्त्रीचे, बोलणं सौम्य. त्याच्याबरोबर वायरमन होता. तपासणीपुरती तात्पुरती लाईन ओढली होती. दारातून आत पाऊल टाकल्यावर सोहनी थांबला.

"हे सगळं तुम्ही एकट्याने ठेवलंत?"

"व्हय साहेब."

"मी गेल्या महिन्यात पाच गिरण्या पाहिल्या. असं खातं कुठे नाही पाहिलं."

बुधाजीने हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं.

पहिल्या अठरा फ्रेम सोहनीने चालता चालता नुसत्या पाहिल्या. एकोणिसावीपाशी तो थांबला आणि वायरमनला म्हणाला, ही जोड. मोटर लागली. पट्टे ताणले गेले, थरथरले. चारशेपैकी काही चात्या फिरल्या, सोहनीने मोजल्या तर त्या एकसष्ट होत्या. बाकीच्या उभ्याच राहिल्या आणि पट्टे त्यांच्यावरून घसरू लागले. दीड मिनिटात धूर आला. खात्यात कढईत काहीतरी तळल्यासारखा वास पसरला. वायरमनने मोटर बंद केली.

सोहनीने एक न फिरलेली चाती धरून वर ओढली. ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. खालच्या टोकाला काकवीसारखा तपकिरी चिकटा होता. त्याने टॉर्च नळीत धरली, मग तारेने तळातून थोडंसं खरवडून तळहातावर घेतलं. ते हिरवं होतं. त्याने हुंगलं.

"कुठलं तेल घालता?"

बुधाजीने खिशातलं फडकं पुन्हा बाहेर काढलं.

"हे खोबरेल आहे का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली. स्टोअर बंद झालं, साहेब."

सोहनीने आणखी पाच फ्रेमांच्या चात्या उपसल्या. सातवी, बाविसावी, तिसावी, पस्तिसावी, बेचाळिसावी. सगळीकडे तेच. प्रत्येक वेळी तो हातातली तार कागदाला पुसत होता. बुधाजी त्याच्या मागे दोन पावलांवर चालत होता.

"रॉकेलनं धुतल्या तर? मी धुतो ना साहेब. दिवसाला दोन फ्रेम धुतो."

"चिकटा धुवून निघेल. पण खाली बघा." सोहनीने टॉर्च त्याच्या हातात दिली. "बुडाला पितळ आहे. तेल आंबलं की त्याचं आम्ल होतं. आम्लाने पितळ खाल्लंय. हिरवं दिसतं ते पितळच. आता धुतलं तरी चाती सरळ उभी राहणार नाही, डुलणार. डुलली की धागा तुटणार."

"वहिनींची शिलाई मशीन खोबरेलावर बारा वर्षं चालते."

"रोज चालते ना? चालत्या मशीनमधलं तेल बदलत राहतं, पुसलं जातं. हे इथे उभं राहिलं. थेंबावर थेंब."

बुधाजीने टॉर्च विझवली. मग त्याने विचारलं, "काहीच घातलं नसतं तर?"

सोहनीने तार पुन्हा कागदाला पुसली. "वरून गंजल्या असत्या," तो म्हणाला. "तो गंज काढता येतो. आत चात्यांचं जुनं स्पिंडल ऑइल होतं, ते उडत नाही सहसा. निम्म्याहून जास्त फिरल्या असत्या, असं मला वाटतं. खात्रीने नाही सांगता येणार."

"निम्म्याहून जास्त म्हणजे अठ्ठावीस फ्रेम?"

"कदाचित."

फॉर्म दोन पानांचा होता. सोहनीने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून भरला. यंत्राची स्थिती काय, दुरुस्ती परवडेल का, असे रकाने होते. ती स्थिती कशामुळे झाली याचा रकाना नव्हता, आणि सोहनीने तो स्वतःहून तयार केला नाही. जाताना त्याने बुधाजीला नमस्कार केला. गिरणीत साहेबाने तेलवाल्याला नमस्कार केल्याचं वायरमनच्या आठवणीत दुसरं उदाहरण नाही.

संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी कोंडीराम आणि दहाबारा जण उभे होते.

"काय बोलला रे इंजिनेर?"

"खातं चांगलं ठेवलंय बोलला."

"आयला! बोललो नव्हतो?" कोंडीरामने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि चालू करून बघितली काय?"

"एक बघितली."

"मग?"

"रिपोर्ट देतो बोलला."

यात एकही वाक्य खोटं नव्हतं. खोलीत जेवताना त्याने सोनूबाईला सगळं सांगितलं. तिने त्याचं जेवण संपेपर्यंत वाट पाहिली.

"मग सांगून टाका. आज ना उद्या कळंलच."

"कुणाला सांगू? वहिनीस्नी? की अडीच वर्षं दारोदार फिरून तुम्ही जे आणलंत, त्यानंच गिरणी खाल्ली?"

"तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं," बुधाजी म्हणाला. "खोबरेल चातीला चालत नाय, हे पहिल्या दिवशी मीच बोललो होतो."

सोनूबाईने ताटं उचलली.

मार्चच्या एक तारखेला किटली आली. बुधाजीने घेतली. तपासणीच्या दिवसापासून त्याने चात्यांना तेल सोडलेलं नाही. पण तेल खोलीतही ठेवता येत नाही. डबा भरलेला दिसला तर राधाबाई विचारतील. म्हणून तो रोज बाटली भरून नेतो आणि बेचाळिसाव्या फ्रेमच्या मागे एका रिकाम्या पिंपात ओततो. बाहेर आणायची सोय नाही, गेटवर झडती असते. आत गेलेलं आतच राहतं. मेअखेर पिंपात साडेतीन लिटर खोबरेल आहे. त्यावर धूळ बसली आहे आणि त्याचाही आंबूस वास येऊ लागला आहे.

चौदा एप्रिलला चाळीच्या पटांगणात जयंतीचा कार्यक्रम झाला. दर वर्षी दहावीला पास झालेल्या मुलांचा सत्कार होतो. या वर्षी कमिटीने त्यांच्याआधी बुधाजीचं नाव पुकारलं. बेचाळीस फ्रेम चार वर्षं जिवंत ठेवणारा माणूस, असं माइकवरून सांगितलं गेलं. शाल, नारळ आणि चाळीतल्या बायकांनी गुंफलेला हार. कोंडीरामने माइक त्याच्यासमोर धरला. "बोल, दोन शब्द बोल."

बुधाजी माइककडे बघत राहिला. पुढच्या रांगेत राधाबाई बसल्या होत्या, मांडीवर नातू घेऊन. मग तो म्हणाला, "हार मला घालू नका. मी काय केलेलं नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा विनय आहे असं सगळ्यांना वाटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "तेलवाल्याला बोलता येत नाय, हात बोलतात त्याचे!" त्यावर आणखी टाळ्या झाल्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचं पत्र गिरणी कमिटीला आलं. इंग्रजीत होतं. कोंडीरामने ते युनियनच्या वकिलाकडून समजून घेतलं आणि चाळीच्या जिन्यात उभं राहून सांगितलं: चात्या अडकलेल्या, बुडाची पितळं झिजलेली, फ्रेम चालण्याजोग्या नाहीत, दुरुस्ती परवडणारी नाही. चालण्याजोग्या फ्रेम, शून्य.

"शून्य? आरशासारखं खातं, आणि शून्य?" कोंडीरामचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जात होता. "एक फ्रेम लावली साल्याने. एक! एकेचाळीस बघितल्यापण नाय. मालकानं गप्प केला त्याला. बुधाजी, तू होतास ना? तू सांग."

बुधाजी जिन्याच्या पायरीवर बसला होता. "सहा बघितल्या," तो म्हणाला.

"मग काय बोलला?"

"अडकल्यात बोलला."

"कशानं अडकल्या?"

जिन्यात पंचवीस-तीस माणसं होती. बुधाजीने वर पाहिलं. उत्तर त्याच्याआधी राधाबाईंनी दिलं.

"तेल कमी पडलं," त्या म्हणाल्या. "एका पळीनं काय होतंय? मी तेव्हाच दोन बोलायला पायजे होतं. चुकी माझीच."

"तुमची नाय वहिनी," बुधाजी म्हणाला. "तेल कमी नव्हतं."

"तुम्ही नका माझी समजूत घालू, भावजी."

त्याने आणखी एकदा तोंड उघडलं होतं, असं सोनूबाई सांगते. पण तोवर कोंडीराम फेरतपासणीच्या अर्जाचं बोलू लागला होता. सगळ्या फ्रेम लावून बघा, दुसरा इंजिनिअर पाठवा, अशी मागणी. अर्जावर एकतीस सह्या झाल्या. एकतिसावी बुधाजीची आहे. अर्ज मेच्या नऊ तारखेला पोचला. त्याची पोच मिळाली आहे, तारीख मिळालेली नाही. वकिलाने कोंडीरामला खासगीत सांगितलं की अशा अर्जांना बँक उत्तर देत नाही. भंगारवाल्यांची दोन माणसं त्याच महिन्यात साळखातं बघून गेली. रिंग खात्याच्या दारातही ती उभी राहिली होती. पितळ किती निघेल, असं त्यांनी बुधाजीला विचारलं. बुडाला आहे, पण खाल्लेलं आहे, असं त्याने सांगितलं. सोनूबाई सोडून हे त्याने कुणाला सांगितल्याची ही एकच नोंद आहे.

तो अजून रोज सहाच्या आत खात्यात असतो. चात्या कोरड्या फडक्याने पुसतो. फिरवून बघत नाही.

आज मंगळवार, ३१ मे. फेरतपासणीपर्यंत कसर राहायला नको म्हणून चाळीने जूनपासून पळ्या वाढवल्या आहेत. रविवारी राधाबाईंनी तसं प्रत्येक खोलीत जाऊन सांगितलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. सोनूबाईनेही नाही. उद्या, बुधवारी, नळाचं पाणी पावणेसातला जाईल. त्यानंतर राधाबाई खोली क्रमांक एकपासून निघतील. खोल्या एकोणचाळीस, प्रत्येकी पळ्या दोन.